धंद्यात नफा आहे, मग गल्ल्यात पैसे का नाहीत? छोट्या धंद्याची रोकड सांभाळण्याची पद्धत

विक्री चांगली, गिऱ्हाईक टिकून, वर्षाच्या हिशोबात नफाही दिसतोय, आणि तरी महिनाअखेरीला पगाराची जुळवाजुळव करावी लागते. अशा वेळी हिशोबात चूक आहे असं वाटतं. बहुधा हिशोब बरोबरच असतो. नफा बिल फाडलं त्या दिवशी वहीत चढतो, पैसा मात्र गिऱ्हाईक देईल तेव्हा येतो. मधल्या दिवसांचा खर्च कोण भागवणार, हा छोट्या धंद्याचा खरा प्रश्न आहे.

एक साधा हिशोब मांडू. (आकडे कुठल्याही चलनात वाचा, गणित तेच राहतं.) १,००,००० चं काम मिळालं. माल ६०,००० चा, तो रोखीने आणला. मजुरी १५,०००. नफा २५,०००. गिऱ्हाईक पैसे देणार ४५ दिवसांनी. म्हणजे दीड महिना तुमचे ७५,००० बाहेर आहेत. तेवढ्यात तसंच दुसरं काम आलं. आता वहीत नफा ५०,०००, आणि खिशातून गेले १,५०,०००. काम जितकं वाढेल तितकी रोकड आटेल. मंदीत हात आखडता घेतला जातो, म्हणून माणूस सावध असतो. गाफील राहतो तो तेजीत.

पैसा किती दिवस अडकतो ते काढा

तीन आकडे लागतात, आणि तिन्ही वहीत असतात. रोजची सरासरी विक्री १०,००० आणि विकलेल्या मालाची रोजची खरेदी किंमत ७,५०० धरू.

गिऱ्हाइकांकडून एकूण येणं ४,५०,००० असेल, तर त्याला १०,००० ने भागा. ४५ दिवसांची विक्री उधारीत आहे. गोदामात २,२५,००० चा माल असेल, तर भागिले ७,५००, म्हणजे ३० दिवसांचा साठा. पुरवठादारांचं देणं १,१२,५०० असेल, तर तेही भागिले ७,५००, म्हणजे १५ दिवस तुम्ही त्यांच्या पैशावर धंदा करताय. ४५ अधिक ३० वजा १५. माल आणल्याचे पैसे दिल्यापासून विक्रीचे पैसे हातात येईपर्यंत ६० दिवस जातात.

रकमेत सांगायचं तर ४,५०,००० अधिक २,२५,००० वजा १,१२,५००, म्हणजे ५,६२,५०० इतकं खेळतं भांडवल कायमचं गुंतलेलं आहे. विक्री दीडपट झाली आणि दिवस तेच राहिले, तर ते ८,४३,७५० लागेल. वरचे २,८१,२५० कुठून आणायचे, हे मोठी ऑर्डर घेण्याआधी ठरलं पाहिजे, घेतल्यावर नाही. आणि उलटही खरं: वसुली ४५ दिवसांवरून ३५ वर आणली, तर आजच्याच विक्रीवर १,००,००० मोकळे होतात. त्यासाठी कर्ज नको, व्याज नको.

दर महिन्याला हे तीन आकडे एका ओळीत लिहून ठेवा. एखाद्या महिन्याचा आकडा फारसं काही सांगत नाही. तीन-चार महिन्यांची दिशा सांगते.

रोजमेळ

कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी रोजमेळाला पर्याय नाही. सकाळची शिल्लक, अधिक रोख विक्री, अधिक जुन्या उधारीची वसुली, वजा गल्ल्यातून दिलेले पैसे, वजा बँकेत भरलेले. जे उरेल तेवढं गल्ल्यात हवं.

दिवस संपला की आधी गल्ला मोजायचा, आकडा कागदावर लिहायचा, आणि मगच वही उघडायची. वही आधी पाहिली की तिच्यातला आकडा डोक्यात बसतो आणि मोजणारा नकळत तिथपर्यंतच मोजतो. फरक आला तर तो "फरक" म्हणूनच लिहा. स्वतःच्या खिशातून भरून मेळ बसवू नका. शंभराचा फरक दर मंगळवारीच येतो का, एखादा ठरावीक माणूस गल्ल्यावर असतानाच येतो का, हे लिहिलेल्या फरकातूनच कळतं.

फरक शोधायच्या काही जुन्या खुणा अजूनही उपयोगी पडतात. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक अंकांची अदलाबदल झालेली असते (५४० चे ४५०), किंवा शून्य राहिलेलं असतं (५०० चे ५०). फरक एखाद्या बिलाइतकाच असेल तर ती नोंद सुटलीय. फरकाच्या निम्मी रक्कम वहीत कुठे सापडली, तर ती जमेऐवजी नावे (म्हणजे खर्चाच्या बाजूला) पडलीय किंवा उलट.

कार्डाने आलेले पैसे बँकेत उशिरा आणि शुल्क कापून जमा होतात. १०,००० ची विक्री होऊन ९,८०० जमा झाले, तर विक्री १०,००० आणि शुल्काचा खर्च २०० अशा दोन नोंदी करा. नुसते ९,८०० लिहिले की वर्षभरात किती शुल्क गेलं ते कधीच दिसत नाही. मोबाइलवरून पैसे आले असतील तर गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर विसंबू नका. आपल्या खात्यात रक्कम दिसली तरच ते जमा.

किरकोळ खर्चाची पेटी वेगळी ठेवा, ठरावीक रकमेची, समजा ५,०००. पेटीतली रोख अधिक खर्चाच्या चिठ्ठ्या मिळून केव्हाही ५,००० भरले पाहिजेत. चिठ्ठ्या ४,२०० च्या झाल्या की त्या घेऊन तेवढेच पैसे परत भरायचे. चहा, रिक्षा, कुरिअर हे सगळं मुख्य गल्ल्यातून जायला लागलं की गल्ला कधीच जुळत नाही.

मालकाने घरखर्चासाठी गल्ल्यातून हात घालून पैसे काढणं हे सगळ्यात महाग पडतं. मालकाला महिन्याला ठरावीक रक्कम, ठरावीक तारखेला, बँकेतून. धंद्याचं खातं वेगळं, घरचं वेगळं. गिऱ्हाइकाकडून विक्रीबरोबर गोळा केलेला कर तर तिसऱ्याच खात्यात हलवा, दर आठवड्याला. तो पैसा सरकारचा आहे, काही दिवस तुमच्याकडे राहायला आलाय इतकंच.

तेरा आठवड्यांचा तक्ता

१३ आठवडे म्हणजे एक तिमाही. याहून लांबचा अंदाज छोट्या धंद्यात फारसा खरा ठरत नाही, आणि याहून जवळचा केला तर उपाय करायला वेळ उरत नाही.

एक मोठा कागद किंवा स्प्रेडशीट घ्या. वर १३ रकाने, एकेका आठवड्याचा एक. बाजूला ओळी: सुरुवातीची शिल्लक, रोख विक्री, उधारीची वसुली, मग देणी (पगार, भाडं, पुरवठादार नावानिशी, वीज-फोन, कर, कर्जाचा हप्ता, मालकाची रक्कम), आणि शेवटी उरलेली शिल्लक. ती पुढच्या रकान्याची सुरुवातीची शिल्लक.

वसुली लिहिताना बिलावरची देय तारीख पाहू नका, त्या गिऱ्हाइकाची सवय पाहा. ३० दिवसांचा वायदा करून नेहमी ५० व्या दिवशी देणारा या वेळीही ५० व्या दिवशीच देणार. तो कबूल करतो ती तारीख तक्त्यात घातली की तक्ता सुंदर दिसतो आणि निरुपयोगी होतो. अजून हातात न आलेल्या ऑर्डरचे पैसे तर लिहूच नका.

वर्षातून एकदाच येणारे खर्च हमखास सुटतात: विमा, परवान्याचं नूतनीकरण, यंत्राची देखभाल, बोनस. गेल्या वर्षीचं बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून बारा महिने चाळलेत तर ते सापडतात.

समजा आज शिल्लक ८०,००० आहे. चौथ्या आठवड्यात पगार आणि भाडं गेल्यावर ती ३०,००० वर येते, पाचव्यात ३५,००० होते. सहाव्यात वसुली ३०,००० ची, पण कर, हप्ता आणि मालाचं बिल मिळून ९०,००० जाणार. शिल्लक उणे २५,०००. आज हे कळलं तर हातात पाच आठवडे आहेत. एका कामाचा आगाऊ हिस्सा वाढवून मागता येतो, मालाची खरेदी दोन टप्प्यांत करता येते, एक जुनं येणं मागे लागून आणता येतं. त्याच आठवड्यात कळलं तर उरतो फक्त मिळेल त्या व्याजाने उसना पैसा.

दर सोमवारी तक्ता पुढे सरकवा: झालेल्या आठवड्यात अंदाजाशेजारी खरा आकडा लिहा, शेवटी नवा आठवडा जोडा. पहिले काही आठवडे अंदाज साफ चुकतील. चुकू द्या, कुठे चुकले ते पाहूनच तो सुधारतो.

भाव ठरवताना

इथे थोडक्यात, कारण चुका ठरलेल्याच असतात.

खरेदीवर २५ टक्के चढवणं आणि विक्रीवर २५ टक्के सुटणं यांत फरक आहे. १०० ची वस्तू १२५ ला विकली तर विक्रीवर सुटतात २० टक्केच. विक्रीवर २५ टक्के हवे असतील तर १०० ला ०.७५ ने भागा: १३३.३३.

सूट देताना याहून मोठा फटका बसतो. विक्रीवर ३० टक्के सुटत असताना १० टक्के सूट दिली, तर तेवढाच एकूण नफा मिळवायला दीडपट नग विकावे लागतात. २० टक्के सुटत असतील तर दुप्पट. "थोडी सूट दिली की खप वाढेल" हे म्हणण्याआधी दुप्पट खप हाताळायला माणसं आणि माल आहे का, ते पाहा.

ना-नफा-ना-तोट्याचा आकडा रोजच्या नगांत काढा, म्हणजे डोळ्यासमोर राहतो. महिन्याचा स्थिर खर्च ६०,०००, नग ५०० ला विकतो, त्यावर थेट खर्च ३००. नगामागे २०० सुटतात, म्हणून महिन्याला ३०० नग. कामाचे दिवस २५ असतील तर रोज १२. पण कर्जाच्या मुद्दलाची फेड नफ्या-तोट्याच्या हिशोबात खर्च म्हणून येत नाही, रोकड मात्र जातेच. मुद्दल महिन्याला १०,००० असेल तर रोज १२ नव्हे, १४ नग विकले तरच गल्ला बरोबरीत.

उधारी आणि वसुली

उधारी न देता चालणारे धंदे थोडे. तेव्हा प्रश्न द्यायची की नाही हा नसतो, कोणाला, किती आणि किती दिवस हा असतो. तिन्ही गोष्टी माल देण्याआधी लेखी ठरवा. नव्या गिऱ्हाइकाला पहिली दोन-तीन कामं रोखीने किंवा आगाऊ पैशावर करा, मग मर्यादा द्या. मर्यादा किती? ती सगळी रक्कम बुडाली तरी पुढच्या महिन्याचे पगार होतील इतकीच.

मोठं काम असेल तर टप्पे पाडा: ऑर्डरबरोबर ४० टक्के, अर्ध्या कामावर ३०, ताबा देताना ३०. पहिल्या हप्त्यात निदान मालाचा खर्च निघाला पाहिजे. शेवटचा हप्ता ताब्याच्या आधी की नंतर, हे स्पष्ट शब्दांत लिहा. भांडणं बहुतेक याच ओळीवरून होतात.

बिल काम संपलं त्याच दिवशी पाठवा. वायद्याचे दिवस बिलापासून मोजले जातात, त्यामुळे आठवडाभर टेबलावर पडलेलं बिल म्हणजे आठवडाभर फुकट दिलेली उधारी. बिल अडकण्याची कारणं क्षुल्लक असतात: खरेदी ऑर्डरचा नंबर नाही, कंपनीचं नाव अर्धवट, डिलिव्हरी चलनावर सही नाही, बँक खात्याचा तपशील नाही, बिल साहेबांना पाठवलं पण अकाउंट्सला पोचलंच नाही. मोठ्या गिऱ्हाइकाकडे पैसे खरेदी करणारा देत नाही, अकाउंट्समधला कारकून देतो. त्याचं नाव, त्याचा नंबर आणि त्याचा बिलं काढायचा वार माहीत करून घ्या. त्या वाराच्या आदल्या दिवशी बिल पोचलं नाही तर पुढची फेरी.

पहिला फोन देय तारखेनंतर करू नका. मोठ्या बिलासाठी तारखेच्या चार-पाच दिवस आधी करा, आणि त्यात पैसे मागू नका. "अमुक नंबरचं बिल मिळालं ना? मालाबद्दल काही तक्रार नाही ना? सोमवारच्या यादीत आहे का?" एवढंच. बिलात खोट असेल तर ती आत्ताच बाहेर येते, आणि नंतर "माल खराब होता" म्हणायची वाट बंद होते. तारीख उलटल्यावर दुसऱ्याच दिवशी फोन. या वेळी तीन गोष्टी विचारायच्या: किती, कधी, कशाने. "बघतो", "या आठवड्यात करतो" ही उत्तरं वहीत लिहिता येत नाहीत. तारीख मिळेपर्यंत फोन ठेवू नका, आणि मिळालेली तारीख लगेच मेसेज करून कळवा. बोलताना सूर गोडच ठेवा. चिडलेल्या माणसाचं बिल यादीत वर जात नाही.

दर आठवड्याला येण्यांची वयानुसार यादी काढा: ३० दिवसांपर्यंतची, ३१ ते ६०, ६१ ते ९०, त्यापुढची. फोन करताना माणसं सोप्या गिऱ्हाइकापासून सुरुवात करतात, आणि दिवस तिथेच संपतो. ६१ ते ९० च्या रकान्यातल्या सगळ्यात मोठ्या रकमेपासून सुरुवात करा. ९० च्या पुढे गेलेल्यांसाठी मालकानेच जावं, समोर बसून हप्ते ठरवावेत, लेखी घ्यावेत. मर्यादा ओलांडली की माल थांबवायचा. नियम सगळ्यांना सारखा असेल तर तो सांगताना कोणाला संकोच वाटत नाही.

एकाच गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून जास्त विक्री येत असेल तर तुमच्या पगाराची तारीख तो ठरवतो. हे लगेच बदलत नाही, पण निदान त्याची मर्यादा वाढवताना लक्षात असू द्या.

लवकर पैसे दिल्यास सूट द्यावी का? ३० दिवसांऐवजी १० दिवसांत दिल्यास २ टक्के, ही जुनी रीत आहे. २० दिवस लवकर पैसे मिळावेत म्हणून ९८ मागे २ सोडले, म्हणजे वर्षाला साधारण ३७ टक्के व्याज झालं. इतकं महाग कर्ज उगाच कोणी घेऊ नये. मात्र पुरवठादार तुम्हाला हीच सूट देत असेल आणि हातात रोकड असेल, तर जरूर घ्या.

साठा

गोदामातला माल हा बांधून ठेवलेला पैसा. कोणती वस्तू केव्हा मागवायची हे डोळ्यांनी न ठरवता आकड्याने ठरवा. रोज ८ नग खपतात, मागवल्यावर माल यायला १० दिवस लागतात, म्हणजे ८० नग तेवढ्यात जाणार. पुरवठादार उशीर करतो किंवा खप वाढतो म्हणून वर ५ दिवसांचे ४०. शिल्लक १२० वर आली की ऑर्डर. हा आकडा खणावरच चिकटवा.

किती मागवायचं याचं सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्ये मांडलं. वर्षाचा खप, गुणिले एक ऑर्डर देण्याचा खर्च (मालाची किंमत सोडून), गुणिले २, भागिले एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. खप १,२००, ऑर्डरचा खर्च १००, ठेवण्याचा खर्च ६ असेल तर उत्तर २०० नग. अचूक आकड्यापेक्षा त्यातून कळतं ते महत्त्वाचं: खप चौपट झाला तरी एका वेळची ऑर्डर फक्त दुप्पट करायची असते.

"सहा महिन्यांचा माल एकदम घ्या, ५ टक्के सूट" ही ऑफर आली की १३ आठवड्यांचा तक्ता उघडा. सूट वहीत दिसते, रोकड तक्त्यातून गायब होते. सहा महिने न हललेला माल खरेदीच्या भावाखाली गेला तरी काढा. तोटा माल पडून राहिला तेव्हाच झालाय, विकताना तो फक्त वहीत येतो.

कोणाच्या हातात काय

माल मागवणारा, माल मोजून घेणारा आणि पैसे देणारा एकच माणूस नसावा. तीन माणसं नसतील तर पैसे देणं मालकाने स्वतःकडे ठेवावं, आणि बँकेचं स्टेटमेंट आधी स्वतः पाहावं. पुरवठादाराचं खातं बदलल्याचा मेल आला तर मेलमधल्या नव्हे, आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा. ही फसवणूक फार चालते.

तरीही पैसे कमी पडले तर

देण्याचा क्रम आधीच ठरवून ठेवा: पगार, गोळा केलेला कर, ज्याच्या मालाशिवाय काम थांबेल तो पुरवठादार, कर्जाचा हप्ता, मग बाकीचे. मालकाची रक्कम सगळ्यात शेवटी. कर आणि हप्ता चुकला की दंड लागतो, म्हणून "ते थांबतील" असं त्यांच्या बाबतीत धरू नका. हप्ता जमणार नसेल तर तारखेच्या आधी बँकेत जा. आधी गेलेल्याशी तिथे बोलणी होतात, हप्ता चुकवून गेलेल्याशी वसुली होते.

यंत्रासाठी लांब मुदतीचं कर्ज आणि मालासाठी कमी मुदतीचं, हे उलटं करू नका. पाच वर्षं चालणारं यंत्र सहा महिन्यांच्या कर्जाने घेतलं की ते हप्ता फेडण्याइतकं कमवायच्या आतच हप्ते संपवावे लागतात.

पुरवठादाराला सांगतानाही दोन दिवस आधीच सांगा, आणि काहीतरी रक्कम हातात ठेवून सांगा. ४०,००० द्यायचे असतील तर "आज १५,००० पाठवतोय, पुढच्या शुक्रवारी १५,०००, त्यापुढच्या शुक्रवारी १०,०००." तो शुक्रवार १३ आठवड्यांच्या तक्त्यात बघूनच सांगायचा.